नियमन हवे, पण उजेडात

(सार्वजनिक चर्चेचे नियमन आणि पारदर्शकता या विषयावरील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जारी झाली आणि दुसऱ्याच दिवशी वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप लादली गेली. २८ जून रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी ठेवून अंक काढला. त्या जागेत एकही अक्षर नव्हते, तरी तिचा अर्थ समजायला वाचकाला वेळ लागला नाही. सत्तेलाही तो समजला. सेन्सॉरच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पुढे असेही बजावण्यात आले की, संपादकांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडू नये आणि महात्मा गांधी, रवींद्रनाथ यांच्यासारख्यांच्या वचनांनीही ती भरू नये. मजकूर कापण्याचा अधिकार हाती होताच. येथे कात्री चालली आहे एवढेही वाचकाला कळता कामा नये, असा हा वरचा आग्रह होता.

सार्वजनिक चर्चेचे नियमन कोणी आणि कसे करावे, या आजच्या प्रश्नाचे मर्म त्या मनाईत सापडते. गेल्या दोन दशकांत समाजाची चर्चा वृत्तपत्रांच्या स्तंभांतून मोबाइलच्या पडद्यावर आली. कोणाचे बोलणे राहू द्यायचे, कोणाचे काढायचे आणि कोणाला चर्चेबाहेर घालवायचे, हे ठरवणारे हात बदलले. काही निर्णय परदेशी कंपन्यांच्या कार्यालयांत होतात, काही यंत्रेच करून टाकतात, काही सरकारी आदेशाने होतात, तर काही शेजारच्या घरात बसलेला समूहाचा ॲडमिन करतो. हात कोणाचेही असोत, ज्याचे बोलणे काढले त्याला ते काढल्याचे कळते काय, कारण सांगितले जाते काय आणि दाद मागण्याची वाट ठेवलेली असते काय, हे तीन प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारले पाहिजेत.

नियमनावाचून सभा नाही

प्रारंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. नियमनात पारदर्शकता मागणे म्हणजे मोकाट बोलण्याची मुभा मागणे नव्हे. ज्या सभेत कोणीही कोणालाही शिवी द्यावी, खोटी बातमी फिरवावी, स्त्रियांविषयी अभद्र लिहावे आणि विषय सोडून भरकटावे, त्या सभेतून सज्जन माणूस आधी उठून जातो. मग ती सभा सर्वांत मोठ्या आवाजाच्या ताब्यात जाते. मर्यादा नसली की स्वातंत्र्याचा पहिला बळी मृदू स्वभावाचा माणूसच ठरतो.

भारतीय परंपरेने हे फार पूर्वी ओळखले होते. गौतमांच्या न्यायसूत्रांनी चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितले. तत्त्व जाणण्यासाठी चाललेला तो वाद, जिंकण्यासाठी चाललेला तो जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ दुसऱ्याची मोडून काढणारी ती वितंडा. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांनी आपसात चर्चा कशी करावी याचे मार्गदर्शन आहे. मैत्रीच्या भावाने होणारी ती संधाय संभाषा आणि विरोधाच्या भावाने होणारी ती विगृह्य संभाषा, असा भेद तेथे केला आहे. समोरची परिषद जाणती आहे की मूढ, अनुकूल आहे, तटस्थ आहे की आधीच मन कलुषित करून बसलेली आहे, याचीही पारख करायला चरकाचार्य सांगतात. सभेचे नियम असतात आणि ते पाळावेच लागतात, ही जाणीव या भूमीत जुनी आहे.

तथापि या परंपरेचा दुसरा पैलू सहसा सांगितला जात नाही. न्यायसूत्रांत वादातील पराभवाची बावीस निग्रहस्थाने सांगितली आहेत. प्रतिज्ञा सोडणे, विषयाशी संबंध नसलेले बोलणे, तेच तेच पुन्हा सांगणे, काही निमित्त काढून चर्चेतून पळणे, अशी प्रत्येक दोषाला स्वतंत्र संज्ञा आहे. याचा अर्थ असा की, ‘तुम्ही चुकलात, बसा’ एवढे म्हणून भागत नसे. कोणत्या ठिकाणी काय चुकले, त्या दोषाचे नाव घ्यावे लागे. नाव घेतले की समोरच्याला ‘हा दोष माझ्या बोलण्यात नाही’ असे म्हणता येई आणि सभेला पारख करता येई.

या बावीस स्थानांत एक स्थान आहे ‘निरनुयोज्यानुयोग’. जेथे दोष नाही तेथे दोष लावणे, हाच दोष लावणाऱ्याचा पराभव मानला गेला. दुसरे आहे ‘पर्यनुयोज्योपेक्षण’, म्हणजे जेथे दोष दाखवायला हवा तेथे डोळेझाक करणे. हेही पराभवाचेच स्थान. या दुसऱ्या स्थानाचा निर्णय परिषदेने सांगावा, असे भाष्यकार वात्स्यायन म्हणतात. कारण डोळेझाक करणारा आपली चूक स्वतः सांगणार नाही आणि ज्याचा दोष झाकला गेला तोही ती उघड करणार नाही. दोष लावण्याचा अधिकार ज्याला आहे, तोही नियमाखालीच आहे, हे तत्त्व याहून स्पष्ट कसे सांगावे?

आद्य शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांच्या वादाची कथा घराघरांत सांगितली जाते. परंपरेनुसार त्या वादाची मध्यस्थ होती मंडनमिश्रांची पत्नी भारती. एका पक्षाची पत्नीच निर्णय देणार! तिने दोघांच्या गळ्यात पुष्पमाला घातल्या आणि ज्याची माळ कोमेजेल तो हरला, असे आधीच जाहीर केले. कथेतील चमत्कार बाजूला ठेवला तरी तिचा आशय राहतो. निकष वादापूर्वी सांगितला गेला आणि निकाल सर्वांच्या डोळ्यांसमोर दिसला. म्हणूनच पतीविरुद्ध गेलेल्या त्या निर्णयावर कोणाला संशय घेता आला नाही.

गाळलेल्या शब्दाची नोंद

आधुनिक लोकशाहीतही याचे एक सुंदर उदाहरण आहे. लोकसभेच्या कामकाजाच्या नियम ३८० नुसार, सदस्याने उच्चारलेले बदनामीकारक, अशिष्ट, असंसदीय वा सभागृहाच्या प्रतिष्ठेला न शोभणारे शब्द कामकाजातून वगळण्याचा आदेश अध्यक्ष देऊ शकतात. पुढचाच नियम ३८१ सांगतो की, छापील वृत्तांतात वगळलेल्या जागी तारांकने असावीत आणि अध्यक्षांच्या आदेशावरून हा भाग वगळला, अशी तळटीप असावी. शब्द गेले, पण ते गेल्याची नोंद राहिली. पन्नास वर्षांनी वृत्तांत वाचणाऱ्या विद्यार्थ्यालाही कळते की येथे काही होते आणि ते अमुक अधिकाराने काढले गेले.

संसदेची तारांकने आणि आणीबाणीतील कोऱ्या जागेवरची मनाई यांतील अंतर मोठे आहे. दोन्हीकडे शब्द काढलेच जातात. एकीकडे काढणारा आपल्या कृतीची जबाबदारी घेतो, तर दुसरीकडे काही घडलेच नाही असा भास निर्माण करतो. नियमन आणि मुस्कटदाबी यांच्यातील सीमारेषा येथे आखली जाते.

आणीबाणीत ही सीमारेषा पुसली गेली. वृत्तपत्रांना दिलेल्या कितीतरी सूचना केवळ दूरध्वनीवरून आणि तोंडी दिल्या जात, हे पुढे शाह आयोगापुढे आले. लेखी आदेश नाही म्हणजे आव्हान द्यायला कागद नाही. कोणी सांगितले, कोणत्या नियमाखाली सांगितले, याचा पत्ता नाही. ४ जुलै १९७५ रोजी संघावर बंदी आली. हजारो स्वयंसेवक तुरुंगात गेले. ते का गेले, हे सांगणारी बातमीही छापली जाणे कठीण होते.

त्या काळोखात मुंबई उच्च न्यायालयात एक खटला लढला गेला. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या मासिकातील काही मजकूर सेन्सॉरने नाकारला होता. मसानी स्वतंत्र पक्षाचे नेते. त्यांची विचारधारा संघाची नव्हती. त्यांनी त्या मनाईला न्यायालयात आव्हान दिले आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये, आणीबाणी ऐन भरात असताना, खंडपीठाने सेन्सॉरला त्याची मर्यादा दाखवून दिली. सर्व नियतकालिकांनी एकाच सुरात बोलावे अशी व्यवस्था करणे हे सेन्सॉरचे काम नाही आणि सरकारवरील टीका हा काही गुन्हा नाही, असा त्या निकालाचा आशय होता. हा निकाल शक्य झाला, कारण मनाई कोणत्या मजकुराला होती हे न्यायालयापुढे ठेवता आले. तोंडी हुकमाला कोणत्या न्यायालयात उभे करणार?

आजचे चित्र

आता वर्तमानाकडे यावे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ६६अ हे कलम घातले गेले. ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचे’ असे सैल शब्द त्यात होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना समाजमाध्यमावरील एका साध्या मजकुरासाठी अटक झाली, तेव्हा या सैलपणाचा अर्थ महाराष्ट्राला उमगला. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. त्याच निकालात ६९अ हे, इंटरनेटवरील मजकूर रोखण्याचा अधिकार सरकारला देणारे कलम मात्र कायम राहिले. त्याला न्यायालयाने जी कारणे दिली त्यांत एक महत्त्वाचे होते. मजकूर रोखण्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात, त्यामुळे त्या आदेशाला उच्च न्यायालयात आव्हान देता येते. राष्ट्राच्या सुरक्षेसाठी अधिकार हवा हे मान्य झाले, पण लेखी कारणाच्या अटीवर. असे असले तरी याच कलमाखालील २००९ च्या नियमांत तक्रारी आणि त्यांवरील कारवाई गुप्त ठेवण्याची तरतूद आहे. लेखी कारण ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच हाती पडत नसेल, तर ते आव्हानाला कितीसे उपयोगी पडणार, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

जानेवारी २०२० मध्ये जम्मू-काश्मीरमधील निर्बंधांच्या प्रकरणी न्यायालयाने हीच दिशा धरली. दहशतवादाने पोळलेल्या प्रदेशात काही निर्बंध लागू शकतात, हे न्यायालयाने नाकारले नाही. परंतु इंटरनेट बंद करण्याचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, म्हणजे बाधित माणसाला दाद मागता येईल, असे बजावले. राष्ट्रहिताचा विचार करणाऱ्याने या निकालाकडे अडथळा म्हणून पाहू नये. जाहीर आदेशाने राज्याचे बळ वाढते, कारण नागरिकाला अफवेऐवजी आदेश वाचायला मिळतो.

परदेशी कंपन्यांचे काय? त्यांची सत्ता आज अनेक सरकारांहून मोठी आहे. जानेवारी २०२१ मध्ये फेसबुकने अमेरिकेच्या तत्कालीन अध्यक्षांचे, डोनाल्ड ट्रम्प यांचे खाते अनिश्चित काळासाठी स्थगित केले. ५ मे २०२१ रोजी कंपनीनेच नेमलेल्या देखरेख मंडळाने स्थगिती योग्य ठरवली, परंतु ‘अनिश्चित काळ’ ही शिक्षा कंपनीच्या नियमांत कोठेच नाही, तेव्हा ती नियमांच्या चौकटीत आणावी, असेही सुनावले. ट्रम्प यांच्याविषयी मत काहीही असो, शिक्षा आधी नियमात असली पाहिजे, नंतर माणसावर, हे सूत्र कोणालाही पटावे.

भारताने २५ फेब्रुवारी २०२१ रोजी नवे नियम केले. पन्नास लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांना तक्रार अधिकारी नेमणे, दर महिन्याला अहवाल प्रसिद्ध करणे आणि स्वतःहून मजकूर काढताना संबंधिताला कारण कळवून बाजू मांडण्याची संधी देणे बंधनकारक झाले. ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीने अपील समित्यांची तरतूद झाली. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यानेही, जो फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णतः लागू झाला, मजकूर काढताना कारणांचे निवेदन देणे सक्तीचे केले. परिपूर्ण व्यवस्था कोठेही नाही. तरीही ‘आमचे व्यासपीठ, आमची मर्जी’ असे म्हणण्याचा काळ कंपन्यांसाठी मावळतो आहे, हे निश्चित.

आरसा स्वतःकडे

येथवर सरकार आणि कंपन्यांविषयी बोलणे सोपे होते. कसोटी लागते ती घराच्या उंबऱ्याच्या आत. आज असा कार्यकर्ता विरळा, जो एखाद्या समूहाचा ॲडमिन नाही. परिवाराचा, गृहनिर्माण संस्थेचा, शाखेचा, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा, गणेशोत्सव मंडळाचा असे कितीतरी समूह. सदस्याच्या आक्षेपार्ह संदेशासाठी केवळ ॲडमिन म्हणून कोणाला फौजदारी दोषी धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले. ही झाली कायद्याची बाजू. नैतिक दायित्व निराळे असते.

गृहनिर्माण संस्थेच्या समूहावर एका सभासदाने हिशोबाविषयी प्रश्न विचारला. सचिवाने त्याचा संदेश काढला आणि संध्याकाळी त्यालाच समूहातून काढले. कारण सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी इमारतीच्या जिन्यात चर्चा सुरू झाली की हिशोबात काही काळेबेरे असणार. हिशोब कदाचित चोख असेलही, पण तो आता कोणी ऐकणार नाही. त्या जागी ‘हा विषय सर्वसाधारण सभेपुढे मांडावा, येथे व्यक्तिगत आरोप करू नयेत या नियमानुसार संदेश काढला आहे’ एवढे एक वाक्य असते, तर सचिवाचीही लाज राहिली असती. व्हॉट्सॲपवर ॲडमिनने संदेश काढला तर त्या जागी ॲडमिनने तो काढल्याची नोंद राहते. यंत्राने संसदेची तारांकने दिली आहेत. तळटीप लिहिणे माणसाकडे राहिले आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. समाजमाध्यमांवर एखाद्याचे मत आवडले नाही की अनेकांनी एकत्र येऊन त्याच्याविरुद्ध तक्रारींचा भडिमार करायचा आणि यंत्राकरवी त्याचे खाते बंद पाडायचे, ही रीत सर्वच विचारांच्या लोकांत फोफावली आहे. राष्ट्रीय विचाराच्या अनेक लेखकांना तिचा फटका बसला. म्हणून तेच शस्त्र विरोधकावर उगारावे काय? जेथे दोष नाही तेथे दोष लावणे हा लावणाऱ्याचाच पराभव, असे गौतम सांगून गेले. देशद्रोही, हिंसक वा अश्लील मजकुराची तक्रार अवश्य करावी आणि ती कारणासह करावी. पण मत पटत नाही म्हणून खोटी तक्रार करणाऱ्याने आणीबाणीतील सत्याग्रहींचा वारसा सांगू नये. मसानींनी मिळवलेला निकाल त्यांच्याशी मतभेद असणाऱ्यांच्याही उपयोगाचा होता. तत्त्व असे सर्वांसाठी सारखे असते, म्हणूनच ते तत्त्व.

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

यावर तीन आक्षेप घेतले जातात आणि ते दुर्लक्षण्याजोगे नाहीत. पहिला असा की, नियम जाहीर केले तर खोडसाळ माणूस त्यांतून पळवाटा काढतो. खरे आहे. पण पळवाट दिसली तर नियम सुधारता येतो; लपवलेला नियम कधीच सुधारत नाही. दुसरा आक्षेप, काही कारणे उघड करणे धोक्याचे असते. पोलीस तपास, बालकाची ओळख, सैन्याच्या हालचाली यांबाबत गुप्तता हवीच. अशा वेळी कारण चारचौघांत सांगू नये, मात्र ते लिहून ठेवावे आणि वरिष्ठ वा न्यायालय मागेल तेव्हा दाखवता यावे. तिसरा आक्षेप व्यवहारी आहे. ॲडमिन हा विनावेतन राबणारा माणूस, प्रत्येक वेळी खुलासा लिहीत बसायला त्याला सवड कोठून? त्याचे उत्तरही व्यवहारीच आहे. कारण एका ओळीचे पुरते. आणि आज ती ओळ लिहिली नाही तर उद्या दहा फोन घ्यावे लागतात.

तात्पर्य, कोणत्याही चर्चेच्या नियमनाला चार कसोट्या लावता येतात. नियम आधी सांगितलेला असावा. काढलेल्या मजकुराची नोंद राहावी. कारण नियमाचे नाव घेऊन सांगावे आणि निर्णय कोणी घेतला हे कळावे. शेवटी, निर्णय घेणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणाकडे तरी दाद मागता यावी. सरकारकडे या चार गोष्टी मागायच्या, कंपन्यांकडे मागायच्या आणि आपल्या हातातील लहानशा समूहातही त्या पाळायच्या.

संघटनेचे काम विश्वासावर चालते आणि विश्वास दर वेळी एकमत झाल्याने निर्माण होतो असे नाही. मत फेटाळले गेले तरी ते ऐकले गेले आणि न्यायाने फेटाळले गेले, या अनुभवातून तो घट्ट होतो. बैठकीत ज्याचा मुद्दा मान्य झाला नाही तो कार्यकर्ता दुसऱ्या दिवशी त्याच उत्साहाने सतरंज्या अंथरायला येतो, याचे रहस्य हेच आहे. पडद्यावरच्या चर्चेलाही हे वळण लावणे अवघड नाही. ज्यांच्याकडे एखाद्या समूहाची सूत्रे आहेत त्यांनी या आठवड्यातच पाच-सात ओळींचे नियम लिहावेत, सर्वांना वाचू द्यावेत, सूचना मागवाव्यात आणि निर्णयांवर तक्रार ऐकायला आपल्याखेरीज आणखी एक ज्येष्ठ, शक्यतो आपल्याशी मतभेद असणारा सदस्य नेमावा. त्यानंतर पहिला संदेश काढण्याची वेळ येईल, तेव्हा तो स्नेह्याचा असो वा विरोधकाचा, त्याखाली कारणाची एक ओळ अवश्य लिहावी.